नाटक मंडळ्या का फुटत?

5 जुलै 1913 रोजी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तेव्हा तिचे मालक तिघे होते. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हा उभ्या महाराष्ट्राचा लाडका नट. गणपतराव बोडस हे कसलेले, विनोदी आणि गंभीर दोन्ही भूमिका पेलणारे अभिनेते. गोविंदराव टेंबे हे हार्मोनियमचे नामांकित वादक, आणि 1911 साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. गळा, अभिनय आणि संगीतरचना यांचा असा मेळ त्या काळी दुसऱ्या कोणत्याही मंडळीत नव्हता. तरीही दोन वर्षांत टेंबे बाहेर पडले. 'एकच प्याला'तला सुधाकर गाजवून पुढे बोडसही गेले आणि बालगंधर्व एकटे मालक उरले.

हे तिघे मुळात किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून आले होते. पाच वर्षांनी, 1918 मध्ये, त्याच किर्लोस्कर मंडळीतून आणखी तिघे निघाले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. त्याआधी 1908 मध्ये ललितकलादर्श निघाली तीही अशीच, दुसऱ्या मंडळीतून बाहेर पडलेल्या एका तरुण नटाच्या हिमतीवर. मराठी व्यावसायिक रंगभूमीची वंशावळ मांडली तर जवळजवळ प्रत्येक मोठे नाव कुठल्यातरी फुटीतून जन्मलेले दिसते. नटांचे अहंकार, गायकांचे रुसवे, एकमेकांविषयीचा मत्सर असे त्याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. रुसवे सगळ्याच धंद्यांत असतात. नाटक मंडळ्या फुटत, कारण रुसवा मिटवायला लागणारी व्यवस्था त्यांनी कधी उभारलीच नाही.

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा हा प्रश्न नव्हता. खर्च संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा, हुकूमही त्यांचाच. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. 1853 मध्ये ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करत होते. तिकिटाचा पैसा आला आणि त्याच्याबरोबर तीन प्रश्न आले. पैसा कोणाचा? खेळ कोणता लावायचा हे कोण ठरवणार? आणि उद्या कोणी सोडून गेला तर त्याने बरोबर काय न्यायचे? पुढच्या शंभर वर्षांत या तीन प्रश्नांची पक्की, सगळ्यांना मान्य असलेली उत्तरे फारच थोड्या मंडळ्यांनी दिली.

मंडळीचा संसार कसा चाले ते पाहिले की हे प्रश्न किती धारदार होते ते कळते. एका मोठ्या संगीत मंडळीत नट, साथीदार, तालीममास्तर, पडदे ओढणारे, रंगभूषा करणारे, आचारी आणि शिकाऊ मुले अशी कितीतरी माणसे असत. मुक्काम एका गावी महिना-दोन महिने. मग पेट्या, पडदे, ऑर्गन, तबले घेऊन आगगाडीने पुढच्या गावी. राहणे कंपनीच्या बिऱ्हाडात, जेवण एका पंगतीला. खेळ लागो वा न लागो, पंगत बसायचीच. एखाद्या रात्री उत्पन्न भरघोस व्हायचे, तर साथीची अफवा उठली की नाट्यगृह ओस. काही जण भागीदार, बाकीचे पगारी. पण भागीदार आणि पगारी यांची तालीम एकाच दिवाणखान्यात आणि झोपणे शेजारीशेजारी. कचेरीत दोघांचे पटत नसेल तर संध्याकाळी दोघे आपापल्या घरी जातात. बिऱ्हाडात तसे घर नव्हते. सकाळी हिशेबावरून झालेली खडाजंगी रात्री प्रवेशात नायक-नायिका होऊन उभी राहायची, आणि प्रेक्षकांना तिचा मागमूस लागू द्यायचा नाही, हे त्या नटांचे मोठेपण.

किर्लोस्कर मंडळीने 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थाने सुरू झाले. 1882 मध्ये 'सौभद्र' आले. अण्णासाहेब किर्लोस्कर नाटककार होते, दिग्दर्शक होते, मालक होते आणि सगळ्यांना वडीलधारे होते. एका माणसाच्या अंगी इतके अधिकार एकवटलेले असले की भांडणे त्याच्या शब्दावर मिटतात. पण 2 नोव्हेंबर 1885 रोजी, जेमतेम 42 वर्षांचे असताना, अण्णासाहेब गेले. मंडळी टिकली, कारण तिच्याकडे भाऊराव कोल्हटकरांचा गळा होता आणि गोविंद बल्लाळ देवलांसारखा जाणकार होता. 1901 मध्ये भाऊरावही गेले. 1905 मध्ये नारायण राजहंस हा कोवळ्या वयाचा मुलगा मंडळीत आला आणि मंडळीला पुन्हा बहर आला. नाटकात मुख्य असलेले नानासाहेब जोगळेकर 1911 मध्ये वारले आणि कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती राहिला.

इथे नीट थांबून पाहायला हवे. मुजुमदार मंडळीतले जुने माणूस; तिच्या पडत्या काळात त्यांनी तिला सावरले होते. मंडळी हे त्यांच्या दृष्टीने अण्णासाहेबांचे घर होते, आणि घर राखणाऱ्याचा शब्द शेवटचा असावा यात त्यांना वावगे वाटण्याचे कारण नव्हते. दुसरीकडे नाट्यगृह भरत होते ते बालगंधर्वांच्या नावावर. प्रेक्षक 'किर्लोस्कर मंडळीचा खेळ' बघायला येत होते की 'मानापमान'मधली 'बालगंधर्वांची भामिनी' बघायला, याचे उत्तर तिकीटखिडकीवर रोज मिळत होते. ज्याच्यामुळे पैसा येतो आणि ज्याच्या हाती पैसा राहतो, ती दोन माणसे वेगळी होती. त्यांच्यातला व्यवहार ठरवून देणारे तिसरे कोणी नव्हते. सामोपचाराने निर्णय करणारी मालकांची बैठकही नव्हती. अशा जागी दोनच वाटा उरतात: मुकाट राहणे किंवा निघून जाणे. बालगंधर्व, बोडस आणि टेंबे निघून गेले.

नव्या मंडळीने जुन्या चुका टाळल्या असतील अशी अपेक्षा कोणीही करील. झाले उलट. गंधर्व मंडळीत तिघे मालक असले तरी कंपनीला नाव एकाचे होते. टेंबे 1915 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज संगीत मंडळी काढली. गंधर्व मंडळीचे सोन्याचे दिवस मात्र पुढे आले: 1916 मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे 'स्वयंवर', 1919 मध्ये बडोद्यात 'एकच प्याला', 1920 मध्ये 'द्रौपदी'. साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. खरी अत्तरे, भरजरी शालू, गालिचे. 'द्रौपदी'च्या नेपथ्यावर पाण्यासारखा पैसा गेला. कलेसाठी इतका उदार मालक मराठी रंगभूमीला पुन्हा मिळाला नाही, हे खरेच. पण बोडस गेल्यावर खर्चाला 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या बिऱ्हाडात उरला नव्हता. सगळीकडे विजयाची वार्ता असताना 1921 च्या सुमारास हिशेब पाहिला गेला, तेव्हा कंपनीवर लाखाच्या वर कर्ज निघाले. ते फेडायला बालगंधर्वांनी कित्येक वर्षे अक्षरशः गाऊन काढली. भागीदार नकोसा वाटतो तो बहुधा त्याच्या नकारामुळे. आणि त्या नकाराचीच कंपनीला सर्वाधिक गरज असते. टेंबे राहिले असते तर 'स्वयंवर' घडले असते की नाही ते सांगता येत नाही, पण टेंबे-बोडस दोघे राहिले असते तर कर्जाचा आकडा इतका वाढला नसता असे मानायला जागा आहे.

त्याच 1921 च्या जुलैमध्ये दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून एक खेळ केला. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात 8 जुलै रोजी संयुक्त 'मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येणारे. पण रंगमंचावर दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले आणि त्या रात्रीची आठवण महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जपली. वर्षानुवर्षे एका बिऱ्हाडात राहिलेल्यांना जे जमले नाही ते या दोघांना जमले, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. काम एका रात्रीचे होते, भूमिका ठरलेल्या होत्या, पैसा तिसऱ्याच्या हाती जायचा होता आणि उद्देश दोघांच्याही वर होता. वर उल्लेखलेले तिन्ही प्रश्न आधीच सुटलेले होते.

केशवराव भोसल्यांची गोष्ट या सगळ्यात वेगळी आहे. स्वदेशहितचिंतक मंडळीत बालनट म्हणून ते 'शारदा' गाजवत होते. ती मंडळी सोडून, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, 1 जानेवारी 1908 रोजी त्यांनी हुबळीत ललितकलादर्श काढली. मालक एकच, बाकी सगळे त्याच्या शब्दाखाली. ही रचना लोकशाही नव्हती, पण संदिग्धही नव्हती. 4 ऑक्टोबर 1921 रोजी, संयुक्त 'मानापमान'नंतर तीन महिन्यांत, केशवराव वारले. वय 31. मालक गेला की मंडळी कोसळण्याची भीती असे. ललितकलादर्श मात्र कोसळली नाही. मंडळीतलेच बापूराव पेंढारकर यांच्याकडे ती आली आणि वर्षभरात त्यांनी मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. 1937 मध्ये बापूराव गेले; काही काळ खंड पडला आणि मग त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही तिचीच नाटके. शंभरी ओलांडणारी ही मंडळी सर्वांत श्रीमंत नव्हती, आणि तिच्याकडेच सर्वांत मोठे नट होते असेही नाही. मालकानंतर कोण, याचे उत्तर तिथे दर वेळी कोणीतरी दिले, एवढे मात्र निश्चित.

बळवंत मंडळीकडे वळले की वाईट वाटते. चिंतामणराव कोल्हटकर, दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे या तिघांनी 1918 मध्ये ती काढली तेव्हा दीनानाथ सतरा वर्षांचे होते. राम गणेश गडकऱ्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवसांत पुरे केलेले 'भावबंधन' 1919 मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. पंधरा-सोळा वर्षे तिने नाव कमावले. मग बोलपट आले, खेळांचे उत्पन्न घटले. मंडळीने 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढून पाहिला, पण त्यातून सावरता आले नाही. भागीदारीचे खरे वजन कळते ते नुकसान वाटून घेताना. नफा वाटायचा नियम तोंडी असला तरी चालतो, तोटा वाटायचा नियम लिहिलेला नसेल तर मैत्रीच तारण पडते. कोल्हटकरांनी 'बहुरूपी' या आत्मचरित्रात हा सगळा काळ लिहून ठेवला. 1958 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दीनानाथ 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात गेले, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीचे, लताचे, वय बारा होते.

चित्रपटांच्या धंद्याने नाटक मंडळ्यांकडून पुष्कळ काही घेतले, त्यात फुटण्याची ही खोडही घेतली. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले चौघे, म्हणजे व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर, तिथून बाहेर पडले. कोल्हापूरच्या सीतारामपंत कुलकर्ण्यांनी भांडवल घातले आणि 1 जून 1929 रोजी पाच भागीदारांची 'प्रभात' उभी राहिली. प्रभातने नाटक मंडळ्यांपेक्षा एक गोष्ट चांगली केली: कामे वाटून घेतली. दामल्यांकडे ध्वनी आणि यंत्रांची बाजू, फत्तेलालांकडे कलाविभाग, धायबरांकडे छायालेखन, शांतारामांकडे दिग्दर्शन, कुलकर्ण्यांकडे पैसा. ज्याचे खाते त्याचा शब्द. 1932 चा 'अयोध्येचा राजा', 1933 मध्ये पुण्यात बांधलेला भव्य स्टुडिओ, 1934 चा 'अमृतमंथन', 1936 चा 'संत तुकाराम', 1937 चा 'कुंकू', 1939 चा 'माणूस': अवघ्या सात-आठ वर्षांत एवढे काम प्रभातने उभे केले. 'संत तुकाराम'ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला.

मग ही वाटणी मोडली कुठे? दिग्दर्शनापाशी. 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि त्याला अमाप यश मिळाले. एका घरात आता दिग्दर्शकांच्या दोन चुली झाल्या. एकाच स्टुडिओचा वेळ, एकच भांडवल आणि तेच नट दोघांनाही हवे होते. खात्यांची वाटणी यश मिळेपर्यंत पुरली, यश वाटून घ्यायला पुरली नाही. धायबर 'रजपूत रमणी'नंतर गेले. 1941 मध्ये शांतारामांनी 'शेजारी' केला, दोन जिवलग शेजाऱ्यांत बाहेरच्याने फूट पाडल्याची ही कथा. तो त्यांचा प्रभातमधला अखेरचा चित्रपट ठरला. 1942 मध्ये त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. प्रभातच्या 1944 च्या 'रामशास्त्री'वर तीन दिग्दर्शकांनी काम केले: गजानन जागीरदार, राजा नेने आणि विश्राम बेडेकर. चित्रपट उत्तम झाला, पण एका चित्रपटाला तीन हात लागावेत यातच आतली ओढाताण दिसते. 1945 मध्ये दामले गेले, 1953 मध्ये प्रभात बंद पडली. 1960 मध्ये त्याच आवारात सरकारची फिल्म संस्था सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतरच्या हौशी आणि प्रायोगिक संस्थांत पैसा जवळजवळ नव्हताच. तरी फुटी थांबल्या नाहीत, आणि म्हणून सगळा दोष पैशावर टाकता येत नाही. मुंबईत 1960 मध्ये सुरू झालेल्या 'रंगायन'ने मराठी रंगभूमीला नवे वळण दिले. दशकभरात तिथले मतभेद विकोपाला गेले आणि अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी 1971 मध्ये 'आविष्कार' सुरू केली. पुण्यात भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' केले. नाटकावरून वादळ उठले. 19 प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. 27 मार्च 1973 रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि पुढे 'घाशीराम' युरोपातल्या रंगमंचांपर्यंत पोचले. इथे पगार नव्हता, कर्ज नव्हते. प्रश्न एकच होता: कोणते नाटक करायचे हे संस्थेत कोण ठरवतो? वडीलधाऱ्याचा शब्द शेवटचा असेल तर तरुणांना बाहेरचे दार तेवढे मोकळे, ही 1913 चीच परिस्थिती साठ वर्षांनी पुन्हा आली.

फुटींचा फायदाही झाला, हे मान्य करायलाच हवे. किर्लोस्कर मंडळी अखंड राहिली असती तर 'स्वयंवर' आणि 'भावबंधन' एकाच कंपनीच्या वेळापत्रकात रांगेत उभी राहिली असती. कदाचित एक झालेच नसते. थिएटर अकॅडमी आणि आविष्कार या दोन्ही संस्थांनी जे केले ते मूळ संस्थांत राहून झाले नसते. पण किंमतही मोजली गेली. प्रत्येक फुटीबरोबर कपडेपट, पडदे, नाटकांचे हक्क, तालमीत मुरलेली माणसे आणि वर्षानुवर्षांची ओळख यांची वाताहत झाली. दर वेळी कोणीतरी शून्यातून कर्ज काढून नवी मंडळी उभी करत होते, आणि शिकाऊ मुले नि पडद्यामागची माणसे यांच्या पोटाची सोय कोणी विचारात घेतली नाही. मालकांची चरित्रे आपल्याकडे लिहिली गेली. कंपनी फुटल्यावर आचाऱ्याचे आणि पडदेवाल्याचे काय झाले, ते कोणी लिहिले नाही. या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आजही पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नागपुरात, गोव्यात दरवर्षी चार-पाच मित्र मिळून नाट्यसंस्था काढतात. एकांकिकेचा करंडक हाती येतो, मोठे नाटक करायचे ठरते. त्यांनी संस्थेचे नाव ठरवायच्या आधी एका संध्याकाळी बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: हिशेब कोण ठेवील आणि कोण तपासील, नाटक निवडताना मतभेद झाला तर निकाल कसा लागेल, आणि जो सोडून जाईल त्याचा वाटा काय. त्याच आठवड्यात चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' आणि गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' ही दोन पुस्तके मिळवून सगळ्यांनी वाचावीत. जुन्या ग्रंथालयांत ती अजून सापडतात.